कमावणे आणि चामडे : एका विद्येची प्रस्तावना

तबल्याची पुडी कातड्याची असते आणि कोल्हापुरी पायताणही कातड्याचे असते. बोलताना आपण दोन्हींना सहज ‘चामड्याचे’ म्हणून जातो. या विषयाचा अभ्यासक मात्र पायताणाला चामडे म्हणेल, पुडीला म्हणणार नाही. पुडीचे कातडे केस काढून, साफ करून, ताणून वाळवलेले असते. ते कमावलेले नसते. म्हणून तर ते ताणाखाली सुरात बोलते आणि पावसाळी हवेत उतरते. चार दिवस पाण्यात पडून राहिले तर त्याला वास मारू लागतो. पायताण भिजले तर वाकडे होईल, त्याचा रंग जाईल, शिवण सैल पडेल; पण ते कुजणार नाही. दोघांचे मूळ एक, मग एक कुजते आणि दुसरे का टिकते, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे कमावण्याची विद्या.

कुडाळजवळच्या पिंगुळीतल्या ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्यांचेही असेच आहे. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच परंपरेसाठी. ‘चामड्याच्या बाहुल्या’ हे नाव आता रुळले आहे आणि ते बदलावे असे मी म्हणणार नाही. पण दिव्यापुढे धरल्यावर त्या बाहुलीतून रंग पलीकडच्या पडद्यावर उजळतात, ते कातडे खरवडून पातळ केलेले आणि न कमावलेले असते म्हणून. तेच कातडे बाभळीच्या सालीत घातले असते तर तपकिरी झाले असते आणि दिव्याचा उजेड अलीकडेच अडला असता. कर्नाटकातल्या तोगलु गोंबेयाटाच्या बाहुल्याही याच कुळातल्या. खेळ पाहणाऱ्याला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. अभ्यासकाने मात्र पहिल्याच दिवशी ही गाठ सोडवून घ्यावी, कारण पुढचा गोंधळ इथूनच सुरू होतो.

म्हणून हे पुस्तक हाती घेणाऱ्या वाचकाशी शब्दांचा करार आधीच करून ठेवतो. जनावराच्या अंगावरून निघालेले ते कातडे. त्यावर साल, क्रोम, तेल किंवा अन्य द्रव्याची कायमची प्रक्रिया करून ते न कुजणारे करणे म्हणजे कमावणे. आणि अशा कमावलेल्या, तरीही मूळची तंतूंची वीण शाबूत असलेल्या कातड्याला पुढचे संस्कार झाले की ते चामडे. ‘आयएसओ १५११५’ या आंतरराष्ट्रीय परिभाषेतही हेच दोन निकष धरलेले आहेत : वीण शाबूत हवी आणि माल न कुजणारा हवा. रेग्झिन या व्याख्येत बसत नाही, कारण तिथे कातडेच नाही. चामड्याचा भुगा चिकटवून केलेला पत्राही बसत नाही, कारण तिथे वीण उरलेली नाही. पुडी बसत नाही, कारण तिथे कमावणे झालेले नाही. एक क्रिया आणि एक वस्तू, एवढाच हा भेद असता तर व्याकरणाच्या पुस्तकात दोन ओळींत मिटला असता. पण या क्रियेच्या आणि या वस्तूच्या मधल्या जागेत रसायनशास्त्र आहे, व्यापाराचे कायदे आहेत आणि आपल्या गावगाड्याची एक फार जुनी, फार दुखरी फाळणी आहे.

रसायनाकडे आधी वळू. कातड्याचे ढोबळमानाने तीन थर असतात. वरचा केसांचा पातळ थर आणि आतला मांस-चरबीचा थर काढून टाकायचे असतात. मधला उरतो तो खरा माल. हा थर कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंनी सर्व दिशांनी विणलेला असतो. प्रत्येक तंतूच्या मुळाशी प्रथिनाच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घेऊन बसलेल्या असतात. जिवंत कातड्यात निम्म्याहून जास्त पाणी असते. जनावर मेले की या पाण्यात जिवाणू फोफावतात आणि वीण उसवू लागते. ते टाळावे म्हणून कातडे नुसते वाळवले, तर पाणी निघून जाताच शेजारचे तंतू एकमेकांना चिकटतात आणि कातडे कडक होते. पुन्हा भिजवा, पुन्हा कुजण्याची तयारी. मीठ लावून ठेवले तर काही काळ निभावते, पण ती नुसती मुदतवाढ. गरम पाण्यात घातले तर साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला कच्चे कातडे एकदम आक्रसते, आणि उकळतच ठेवले तर विरघळून त्याचा सरस होतो.

आता हिरडा घ्या. त्याचा एक तुकडा तोंडात धरून चघळा. जीभ ओढली जाते, गालांच्या आतला ओलावा नाहीसा झाल्यासारखा वाटतो, तोंड तुरट होते. हिरड्यातल्या टॅनिनने लाळेतली प्रथिने बांधून टाकल्याचा हा परिणाम. कातडे कमावताना हेच द्रव्य हेच काम कोलॅजेनवर करते. ते तंतूंच्या मधल्या जागांत शिरते, तिथले पाणी हटवते आणि साखळ्यांना अनेक ठिकाणी धरून बसते. मग जिवाणूंना खायला जागा मिळत नाही आणि वाळताना तंतू एकमेकांना चिकटत नाहीत. सालीत कमावलेले कातडे आक्रसायला ७५ ते ८५ अंशांपर्यंत तापवावे लागते. क्रोममध्ये कमावलेले तर उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. आक्रसण्याचा हा अंश म्हणजे कमावणे कितपत झाले याचा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार. हाताला मऊ लागणे, रंग चढणे, चकाकी येणे या सगळ्या गोष्टी फसवू शकतात.

या व्याख्येच्या कडेला एक प्रकरण आहे, ते नव्या वाचकाला फार शिकवून जाते. तुरटी आणि मीठ यांत घालून केलेले पांढरे, मऊ कातडे जगभर पूर्वीपासून वापरात आहे. हातमोजे आणि पुस्तकांच्या बांधण्या त्यातून झाल्या. ते वर्षानुवर्षे टिकते, पण नीट भिजवून धुतले तर तुरटी निघून जाते आणि पुन्हा कच्चे कातडे हाती उरते. ते कमावलेले म्हणायचे की नाही? जुने युरोपीय कारागीर या कामाला वेगळे नाव देत आणि ते करणारे वेगळे मानत. मला त्यांचा काटेकोरपणा पटतो. जे पाण्याने परत फिरते त्याला कमावणे म्हणू नये.

क्रोमची हकिकत थोडक्यात सांगून पुढे जातो, कारण पुढे या पुस्तकात तिला सविस्तर जागा आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिश क्नाप याने १८५८ मध्ये क्रोमच्या क्षारांनी कातडे कमावता येते हे दाखवले. अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झने १८८४ मध्ये आणि मार्टिन डेनिसने १८९३ मध्ये ते कारखान्यात चालण्याजोगे केले. सालीला जिथे आठवडे लागत, तिथे क्रोमचे काम फिरत्या पिंपात काही तासांत होऊ लागले. आज जगातले बहुतेक चामडे क्रोमचे आहे.

कमावले म्हणजे चामडे झाले, असा समज इथेच मोडतो. क्रोमच्या पिंपातून बाहेर पडते ते ओले, निळसर कातडे. व्यापारात त्याला ‘वेट ब्लू’ म्हणतात. ते कुजणार नाही, गठ्ठे बांधून दूरदेशी पाठवता येईल. पण त्याची चप्पल किंवा पिशवी शिवता येणार नाही. ते तासून एकसारख्या जाडीचे करायचे, पुन्हा एकदा कमवायचे, रंगवायचे, तेल-चरबी पाजायची, वाळवायचे. तेव्हा ते ‘क्रस्ट’ होते. त्यावर रोगण आणि इस्त्री झाली की मग तयार चामडे. सालीच्या बाजूलाही असाच मधला माल होता. मद्रास इलाख्यात तरवडाच्या सालीत कमावून वर हिरड्याचा हात दिलेली कातडी ‘ईस्ट इंडिया’ या नावाने लंडनच्या बाजारात जात. तरवडाचा तांबूसपणा हिरड्याने फिका होई आणि त्या फिक्या मालावर इंग्लंडचे कारखानदार हवा तो रंग चढवीत. कमावण्याचे कष्ट आणि घाण इथे राहत. चामड्याचा नफा तिकडे जाई. स्वातंत्र्यानंतरही कच्च्या आणि अर्ध्या तयार मालाची ही निर्यात चालूच होती. सीतारामय्या समितीच्या शिफारशींनंतर १९७३ च्या सुमारास केंद्र सरकारने तिच्यावर बंधने आणली आणि देशातच तयार चामडे, पादत्राणे, पिशव्या करण्यावर भर दिला. कमावलेले कातडे आणि चामडे यांतला फरक सरकारी धोरणाचा पाया ठरल्याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

मराठी वाचकाला हा फरक हातात धरून पाहायचा असेल तर कोल्हापुरी पायताणासारखी दुसरी वस्तू नाही. इथे कोल्हापूर हा शब्द मी सैल अर्थाने वापरतो. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला मिळालेली भौगोलिक मानांकनाची नोंद दोन राज्यांची मिळून आहे : महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकाचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. ही नोंद महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाच्या आणि कर्नाटकाच्या ‘लिडकर’ या महामंडळाच्या नावे आहे.  अथणी आणि तिच्या तालुक्यातले मदभावी, तसेच निपाणी ही गावे या धंद्यात कोल्हापूरइतकीच मुरलेली आहेत. राज्याची सीमा चपलेला माहीत नाही. सालीला तर नाहीच.

पारंपरिक पद्धत अशी. खारवलेले कातडे धुऊन भिजवायचे आणि चुन्याच्या हौदात टाकायचे. चुन्याने कातडे फुगते आणि केसांची मुळे सुटतात. मग ते लाकडी ओंडक्यावर टाकून एका बाजूने केस आणि दुसऱ्या बाजूने मांस खरवडायचे. आतला चुना धुऊन काढायचा, कारण चुना आत राहिला तर साल शिरत नाही. पुढे बाभळीच्या सालीच्या पाण्यात काही दिवस. यानंतरची पायरी खास या भागाची. कातडे कडेने शिवून त्याची मोठी पिशवी करायची, तिच्यात कुटलेली बाभळीची साल, हिरडा आणि पाणी भरायचे आणि ती टांगून ठेवायची. आतले पाणी स्वतःच्या वजनाने कातड्यातून झिरपत बाहेर येते, खाली थेंब थेंब साठते, ते पुन्हा वरून ओतायचे. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगायची, म्हणजे वरचा भाग खाली येतो आणि त्यालाही तेवढेच मुरायला मिळते. कातडे हेच इथे भांडे आणि तेच भांड्यातला पदार्थ. सगळे मिळून काही आठवडे जातात.

झाले की नाही हे कारागीर कसे ओळखतो? कडेचा एक तुकडा तिरका कापतो आणि छेद पाहतो. साल दोन्ही बाजूंनी आत सरकत असते. छेदाच्या मधोमध फिकट, जरा पारदर्शक रेघ दिसली तर तेवढे कातडे अजून कच्चे. सगळा छेद एकसारखा तपकिरी झाला म्हणजे काम पुरे. प्रयोगशाळेतही तळाचे चामडे असेच तपासतात. पातळ काप अॅसेटिक आम्लात ठेवतात आणि मधला कच्चा पट्टा फुगून वेगळा दिसतो. वाचकाने जुन्या, टाकायच्या पायताणाच्या तळाची कड एकदा धारदार सुरीने कापून पाहावी. छेदात तंतू दिसतील, थर दिसतील आणि मालात काटकसर केली असेल तर ती मधली रेघही दिसेल. अशा तळाचे पायताण पहिल्या पावसात का फुगले याचे उत्तर त्या रेघेत असते.

इथपर्यंत कमावणाऱ्याचे काम. यापुढे तळ कापणारा, पट्टे आणि कान बेतणारा, वादी ओवून शिवणारा, वेणी घालणारा येतो. त्याच्या हातात येते ते चामडे. आपल्या गावगाड्याने ही सीमारेषा नुसत्या धंद्यात आखली नाही, माणसांत आखली. मेलेले जनावर ओढून नेणे हे महारांच्या वाट्याचे, कातडे कमावणे ढोरांच्या आणि चामडे शिवणे चांभारांच्या. क्रियेचा प्रत्येक टप्पा एका जातीच्या माथी आणि त्या जातींतही वर-खाली. वास, चुना आणि सडके पाणी ज्याच्या वाट्याला, तो अधिक खाली. कोरडे चामडे ज्याच्या हाती, तो जरा वर, पण तोही वेशीबाहेर. चामडे वापरणारा मात्र देवळात जाताना ते बाहेर काढून ठेवी आणि बाहेर येताच पुन्हा पायात घाली. चर्मविद्येचे जे पुस्तक ही गोष्ट सांगत नाही त्याला मी अपुरे मानतो. रसायनशास्त्र आणि जातिव्यवस्था इथे एकाच हौदातून पाणी पितात.

बाराव्या शतकात कल्याणला बसवण्णांभोवती शरण जमले, त्यांत हे दोघेही होते. डोहर कक्कय्य हा कमावणारा आणि हरळय्य हा शिवणारा. हरळय्य आणि त्याची पत्नी कल्याणम्मा यांनी आपल्या मांडीच्या कातड्याची पादत्राणे करून बसवण्णांना दिली आणि त्यांनी ती पायात न घालता मस्तकी धरली, अशी कथा आहे. हरळय्याचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसाची मुलगी यांच्या विवाहावरून पुढे कल्याणमध्ये संघर्ष उसळला. कक्कय्याची समाधी खानापूर तालुक्यातल्या कक्केरीत असल्याचे मानतात. महाराष्ट्रातल्या ढोर समाजाने आपली ओळख ‘कक्कय्या’ या नावाने सांगावी आणि अनुसूचित जातींच्या यादीतही ते नाव यावे, यामागे हा आठशे वर्षांचा धागा आहे. हरळय्याची कथा पुष्कळांना येते, कक्कय्याची कमी जणांना. कमावणाऱ्याला भक्तीच्या इतिहासातही शिवणाऱ्याच्या मागे बसावे लागले, याचे मला वाईट वाटते.

विसाव्या शतकात हे काम करावे की टाकावे, या प्रश्नावर महाराष्ट्रात दोन गंभीर भूमिका समोरासमोर आल्या. १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरे ओढणे आणि त्यांचे मांस खाणे सोडून देण्याचे आवाहन केले. जे काम माणसाला माणूसपणातून बाद करते ते काम टाकून देणे हीच मुक्तीची पहिली पायरी, हा त्यामागचा विचार. दुसरीकडे गांधीजींनी १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघ स्थापन करताना कातडे कमावणे हा ग्रामोद्योगच मानला. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरीत मेलेल्या जनावरांची कातडी स्वतः सोलली आणि कमावली. ब्राह्मणाने हे काम हाती घेणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती, आणि अप्पासाहेबांविषयी मला मनापासून आदर आहे. पण ज्याला हे काम सोडण्याची मुभा होती त्याने ते उचलणे आणि ज्याला ती मुभा नव्हती त्याने ते फेकून देणे, यांत दुसऱ्याच कृतीने गावगाड्याचा खुंटा हलला, असे माझे मत आहे. वाचकाने दोन्ही बाजू मुळातून वाचाव्यात आणि माझ्याशी भांडावे.

आता बंगळूरच्या राजाजीनगरविषयी, जिथे बसून मी हे लिहितो आहे. बंगळूरचा चामड्याशी संबंध कुणी विचारला तर बोट शहराच्या दुसऱ्या टोकाला, फ्रेझर टाउनपलीकडच्या टॅनरी रोडकडे जाते. ते योग्यच आहे. त्या रस्त्याच्या नावातच कमावणे आहे. पण राजाजीनगरच्या कारखान्यांच्या वसाहतीचाही या कथेत एक वाटा आहे आणि तो मराठी माणसाच्या हाताने आला आहे. त्यासाठी विहिरीपाशी जावे लागेल.

पूर्वी दख्खनच्या कोरडवाहू मुलखात बागायतीचे पाणी मोटेने निघे. मोट म्हणजे चामड्याची प्रचंड थैली, खाली निमुळती सोंड. बैल धावेवरून उतरू लागले की नाड्याने मोट वर येई, सोंडेच्या दोराने सोंड थारोळ्यात मोकळी होई आणि पाणी पाटाला लागे. दिवसभर पाण्यात बुडायचे, दिवसभर घासायचे, रात्री वाळायचे, सकाळी पुन्हा पाणी. चामड्याची याहून कठोर परीक्षा नसेल. मोट फाटली की चांभाराकडे जायची आणि नवी करायची तर आधी ढोराच्या हौदात कातडे पडायला हवे. गावाच्या भाजीपाल्यामागे आणि उसामागे अशी ही कमावणाऱ्याची मेहनत असे.

मद्रासच्या स्कूल ऑफ आर्ट्सचा प्रमुख आल्फ्रेड चॅटर्टन याने १९०३ च्या सुमारास तिथे क्रोमने कातडी कमावण्याचे प्रयोग सुरू केले. त्याच्या डोळ्यांपुढे बूट किंवा खोगिरे यांच्याआधी होती ती हीच विहिरीची चामडी थैली, तमिळ मुलखातली कवलै. सालीचे चामडे पाण्यात राहून आपले टॅनिन हळूहळू सोडून देते; क्रोमचे तसे करत नाही. म्हणजे शेतकऱ्याची थैली जास्त टिकेल, असा हिशेब. क्रोमचे चामडे या देशात रुजवण्याची ही पहिली मोठी खटपट शेतीच्या पाण्यासाठी झाली, ही गोष्ट मला विलक्षण महत्त्वाची वाटते. याच चॅटर्टनने तेलाच्या इंजिनावर चालणाऱ्या पंपांनी विहिरीचे पाणी काढण्याचाही जोरदार पुरस्कार केला. पुढे तो म्हैसूर संस्थानात उद्योग खात्याचा संचालक झाला. एकाच माणसाने मोटेला दीर्घायुष्य द्यायचे उपाय शोधले आणि मोट संपवणारे यंत्रही पुढे आणले.

त्या यंत्राचे पुढचे प्रकरण आपल्याकडे लिहिले गेले. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीत लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कारखान्यातून पंप निघू लागले. १९४६ साली त्यांचे पुत्र रवी किर्लोस्कर यांनी बंगळूरात किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी काढली. तिची कारखान्याची जागा राजाजीनगर-मल्लेश्वरमच्या या पट्ट्यात होती. विजेच्या मोटारी इथे तयार होत. गावोगाव वीज पोहोचली, विहिरीवर मोटार बसली आणि एका पिढीत मोट खुंटीला लागली. आज त्या कारखान्याच्या जागेवर ब्रिगेड गेटवेच्या उंच इमारती आणि ओरायन मॉल आहे. मॉलमध्ये चामड्याच्या पिशव्या आणि बूट काचेआड मांडलेले असतात. पाणी काढण्यासाठी लागणारे जाड, खरबरीत, सालीचे चामडे बाजारातून गेले आणि मिरवण्यासाठी लागणारे पातळ, मऊ, क्रोमचे चामडे राहिले. मागणी बदलली की कमावण्याची पद्धत बदलते, पद्धत बदलली की कमावणारा बदलतो. मोटेची कातडी कमावणारी घरे कुठे गेली, कुठल्या धंद्यात शिरली, याचा मागोवा घेणे हे या विद्येचे अजून अपुरे राहिलेले काम आहे.

शास्त्राच्या बाजूने या देशाला मोठा आधार मिळाला तो १९४८ साली मद्रासला स्थापन झालेल्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेचा. तिचे संचालक यलवर्ती नायुडम्मा यांनी कमावणारे, कारखानदार आणि प्रयोगशाळा यांना एकत्र बसवले. १९८५ मध्ये कनिष्क विमानाच्या स्फोटात ते गेले. याच तमिळ मुलखात क्रोमची दुसरी बाजूही उघडी पडली. पालार नदीकाठच्या टॅनरींच्या सांडपाण्याने जमीन आणि विहिरी बिघडल्या. वेल्लोर सिटिझन्स वेल्फेअर फोरमच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचे सांगितले. चामडे कोरडे आणि स्वच्छ असते. पाणी बिघडते ते कमावण्यात. पर्यावरणाच्या चर्चेत ‘चामड्याचे प्रदूषण’ असा शब्द आला की विचारावे, कुठल्या टप्प्यावरचे? चुन्याच्या हौदाचे, मिठाचे, क्रोमचे की रंगाचे? उपाय प्रत्येकाचे वेगळे आहेत. सालीची पद्धतही आपोआप निर्मळ ठरत नाही. सालीचे काळे पाणी नदीत सोडले तर नदी तिथेही मरते.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या फॅशन कंपनीने कोल्हापुरी घाटाच्या चपला दाखवल्या आणि आपल्याकडे संतापाची लाट उठली. तो संताप रास्त होता. पण त्या वादात सारे बोलणे घाटाचे झाले : अंगठा, पट्टा, वेणी. तळाखालच्या चामड्याबद्दल, ते कुठल्या सालीत आणि कुणाच्या हौदात तयार होते याबद्दल, फारच थोडे बोलले गेले. कोल्हापुरीची ओळख तिच्या घाटाइतकीच तिच्या सालीच्या चामड्यात आहे. घाटाची नक्कल कुठेही होईल. बाभूळ, हिरडा आणि टांगलेली पिशवी यांची नक्कल करायला आठवडे द्यावे लागतात.

नव्या वाचकाने कुठून सुरुवात करावी, असे विचारले तर माझे उत्तर ठरलेले आहे : आधी कमावण्याकडे जा, चामडे मागून येईल. दुकानात चामडे भेटते, प्रदर्शनात भेटते. कमावणारा शोधावा लागतो. अथणी-निपाणीच्या कारागिराकडे किंवा कोल्हापूरच्या सुभाषनगर-जवाहरनगर भागात गेलात तर चप्पल बघून परत फिरू नका. कातडे कुठून येते ते विचारा, आणि जमल्यास तिथवर जा. हौदाशी उभे राहून कामाचे शब्द टिपून घ्या. मराठी आणि कन्नड कारागीर एकमेकांचे शब्द वापरतात, आणि एकाच क्रियेला दोन गावांत दोन नावे निघतात. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळी कुटुंबे बाळहिरडा वेचतात. हिरड्याच्या या वाटेवर एक ऋतू चालून पाहा. पुडीवाल्याकडे जा आणि त्याला विचारा की तो कातडे का कमवत नाही. न कमावण्याचीही एक कसबी विद्या आहे आणि तिच्यावर मराठीत अजून पुरेसे लिहून झालेले नाही. पुढची प्रकरणे याच क्रमाने लावली आहेत : आधी चुना, मग साल, मग क्रोम, आणि शिवण सर्वांत शेवटी.

राजाजीनगर, बंगळूर